इंग्लंडमध्ये घराच्या खिडक्या बदलताना: आधी दाखल्याचं बघा, मग रंगाचं

आमच्या पहिल्या घराचा व्यवहार एका कागदावरून तीन आठवडे अडकला होता. मॉर्गेज मंजूर झालेलं, सर्व्हे झालेला, सामानाची खोकी भरून भिंतीला लागलेली. तेवढ्यात सॉलिसिटरची, म्हणजे व्यवहार बघणाऱ्या वकिलाची, ईमेल आली: मागच्या बाजूच्या खिडक्या २००२ नंतर बदललेल्या दिसतात, त्या नियमांप्रमाणे बसवल्याचा दाखला विकणाऱ्यांकडे मागितला आहे. विकणारे गृहस्थ म्हणाले, बसवणारी कंपनी कधीच बंद झाली, कागद सापडत नाही. खिडक्या खूप जुन्या आहेत असंही त्यांनी सांगून पाहिलं. पण दोन काचांच्या मधल्या पट्टीवर बारीक अक्षरांत साल छापलेलं होतं आणि सर्व्हेयरने ते वाचलं होतं. शेवटी त्यांनी एक विमा पॉलिसी काढून दिली आणि गाडी पुढे सरकली.

राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलीच्या खोलीतली खिडकी उघडायला गेलो. खालची मोठी काच पक्की बसवलेली आणि वर वीतभर उंचीची झडप, तेवढीच काय ती उघडणारी. जिन्यात धूर भरला तर त्या खोलीतून बाहेर पडायला वाटच नव्हती. विम्याने कागदाची उणीव भरून काढली होती, खिडकीची नाही. दाखला नव्हता, कारण ती खिडकी कधी कोणी तपासलीच नव्हती.

पुढे आम्ही त्या खिडक्या बदलल्या, आणि ओळखीतल्या काही घरांना बदलताना मदतही केली. ज्यांनी इथे नुकतंच घर घेतलं आहे त्यांना हे सगळं एका जागी वाचायला मिळावं म्हणून लिहितो आहे. जे सांगतो ते इंग्लंडपुरतं. वेल्समधली चौकट बरीचशी अशीच आहे, पण तिथले मार्गदर्शक दस्तऐवज वेगळे आहेत. स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचे नियम स्वतंत्र आहेत.

पायरी १: आपल्या कामाला दाखला लागतो का, ते ठरवा

१ एप्रिल २००२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये घराची खिडकी चौकटीसकट बदलणं हे बिल्डिंग रेग्युलेशन्सच्या, म्हणजे बांधकामाच्या सरकारी नियमांच्या, कक्षेत येतं. छतातल्या खिडक्या आणि घराबाहेर जाणारे काचेचे दरवाजेही त्यातच आले. एकच खिडकी बदला नाहीतर सगळ्या घराच्या बदला, नियम तोच.

चौकट तशीच ठेवून फुटलेली काच बदलली, किंवा आत वाफ धरून धुरकट झालेलं डबल ग्लेझिंगचं तावदान तेवढं नवीन घातलं, तर ती दुरुस्ती धरली जाते आणि दाखला लागत नाही. बिजागऱ्या, मुठी, रबराच्या पट्ट्या यांचंही तसंच. मात्र काच बदलताना ती धोक्याच्या जागी असेल तर सुरक्षा काचच घाला. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

भिंतीतलं भगदाड मोठं करून खिडकी रुंद करायची असेल किंवा खिडकीचा दरवाजा करायचा असेल, तर ते "खिडकी बदलणं" राहत नाही. तिथे भिंतीच्या ताकदीचा प्रश्न येतो आणि खिडकीवाल्याचा नेहमीचा दाखला पुरत नाही. बिल्डिंग कंट्रोलकडे, म्हणजे काम नियमात आहे का हे तपासणाऱ्यांकडे, जावंच लागतं.

पायरी २: परवानगीचा प्रश्न वेगळा, तो आधी मिटवा

नवीन माणसाची इथे हमखास गल्लत होते. बिल्डिंग रेग्युलेशन्स सांगतात काम कसं व्हायला हवं. प्लॅनिंग सांगतं ते काम तिथे करता येईल का. एकाची मंजुरी दुसऱ्याला चालत नाही.

स्वतंत्र किंवा जोडघर असेल तर नव्या खिडक्या दिसायला साधारण जुन्यासारख्या असल्या की सहसा प्लॅनिंगचा अर्ज लागत नाही. वरच्या मजल्यावर बाजूच्या भिंतीत नवीन खिडकी काढायची असेल, तर तिची काच आरपार न दिसणारी हवी आणि खोलीच्या जमिनीपासून १.७ मीटरपर्यंतचा भाग न उघडणारा हवा.

फ्लॅटला ही सूट नाही. बाहेरून इमारतीचं रूप बदलत असेल तर अर्ज करावा लागतो. त्याच्याही आधी लीज, म्हणजे फ्लॅटचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, काढून वाचा. अनेक लीजमध्ये खिडकीची चौकट फ्रीहोल्डरच्या (इमारतीच्या मूळ मालकाच्या) मालकीची असते, तुमची असते ती फक्त आतली बाजू. अशा ठिकाणी लेखी संमती न घेता खिडकी बदलणं म्हणजे दुसऱ्याची वस्तू काढून टाकणं. १८ मीटर किंवा सात मजले, वा त्याहून उंच इमारतीत राहत असाल तर मॅनेजिंग एजंटशी (इमारतीची देखभाल बघणाऱ्यांशी) बोलल्याशिवाय कोटेशनसुद्धा मागवू नका. तिथलं बिल्डिंग कंट्रोल बिल्डिंग सेफ्टी रेग्युलेटरकडे असतं.

घर कॉन्झर्व्हेशन एरियात, म्हणजे जुनं रूप जपायच्या भागात, असेल तर अर्जाची सूट काढून घेणारं "आर्टिकल ४ डायरेक्शन" लागू आहे का, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर बघा. लागू असेल तर समोरची साधी खिडकी बदलायलाही अर्ज करावा लागू शकतो. आणि घर लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून नोंदलेलं, असेल तर लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट घेतल्याशिवाय चौकटीला हात लावू नका. १९९० च्या कायद्यानुसार तो फौजदारी गुन्हा आहे, आणि "मला ठाऊक नव्हतं" हे तिथे चालत नाही.

पायरी ३: सही कोण करणार, ते ठरवा

दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे "कॉम्पिटंट पर्सन स्कीम"मध्ये नोंदलेला इन्स्टॉलर. खिडक्यांसाठी त्यातली फेन्सा सगळ्यात ओळखीची, ती २००२ पासून आहे. सर्टास ही दुसरी मोठी. या योजनांचे सदस्य आपलं काम नियमांप्रमाणे झाल्याचं स्वतः प्रमाणित करू शकतात. कौन्सिलचा माणूस प्रत्येक खिडकी बघायला येत नाही. योजनेकडून मधूनमधून तपासणी होते, आणि काम संपल्यापासून ३० दिवसांच्या आत तुम्हाला दाखला आणि कौन्सिलला सूचना जायला हवी.

दुसरा मार्ग बिल्डिंग कंट्रोलचा. इन्स्टॉलर कुठल्याच योजनेत नसेल, ओळखीचा सुतार काम करणार असेल किंवा तुम्ही स्वतःच करणार असाल, तर काम सुरू करण्याआधी कौन्सिलकडे बिल्डिंग नोटीस द्यायची आणि शुल्क भरायचं. इन्स्पेक्टर येऊन बघतो आणि शेवटी कम्प्लिशन सर्टिफिकेट देतो. कौन्सिलऐवजी नोंदणीकृत खासगी बिल्डिंग कंट्रोल अप्रूव्हरही चालतो. हा मार्ग कमी दर्जाचा नाही. लाकडी सॅश (वर-खाली सरकणाऱ्या) खिडक्या जुन्या पद्धतीने करणारे काही उत्तम कारागीर कुठल्याच योजनेत नसतात. त्यांच्याकडून काम करून घ्यायचं तर बिल्डिंग नोटीसचे पैसे खर्चात धरा आणि निर्धास्त राहा.

पहिला मार्ग घेतलात तर एक गोष्ट स्वतः करा. व्हॅनवरचं किंवा पत्रकावरचं चिन्ह पुरावा मानू नका. योजनेच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव शोधा, आणि करारावर ज्या कंपनीचं नाव येणार आहे तेच नाव यादीत आहे ना, हे अक्षर न् अक्षर ताडून बघा. ओळखीतल्या एका घरी विक्रेता एका कंपनीचा आला, करारावर दुसरीचं नाव, आणि बसवायला तिसरेच लोक. दाखला मागितल्यावर तिघेही एकमेकांकडे बोट दाखवत होते. त्या घरच्या काकांनी मग शेवटचा हप्ता रोखून धरला, म्हणून दोन महिन्यांनी तरी कागद हाती आला.

इन्स्टॉलर कितीही मोठा असला तरी काम नियमबाह्य निघालं तर ते काढण्याची किंवा दुरुस्त करण्याची नोटीस घरमालकाच्या नावाने येते. पूर्वी अशी नोटीस काम झाल्यापासून १२ महिन्यांत काढावी लागे. २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी ॲक्टनंतर इंग्लंडमध्ये ही मुदत १० वर्षांची झाली आहे. म्हणून "वर्षभर गप्प बसा, मग कोणी विचारत नाही" हा जुना सल्ला आता कोणी दिला तर ऐकू नका.

पायरी ४: मोजपट्टी घेऊन खोलीखोलीत फिरा

इन्स्टॉलर येण्याआधी हे स्वतः करा. तासाभराचं काम आहे. दाखल्यावर एका ओळीत "नियमांप्रमाणे" असं येतं, पण त्या एका ओळीच्या पोटात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी असतात, आणि त्यातल्या काही विक्रेत्याच्या तोंडून आपणहून निघत नाहीत.

सुरुवात बेडरूमपासून करा. आगीतून सुटकेसाठी खिडकी कशी असावी हे अप्रूव्हड डॉक्युमेंट बी या सरकारी मार्गदर्शक दस्तऐवजात दिलं आहे. उघडल्यावर मोकळी जागा निदान ०.३३ चौरस मीटर, रुंदी आणि उंची दोन्ही निदान ४५० मिलिमीटर, आणि उघडणाऱ्या भागाची खालची कड जमिनीपासून १,१०० मिलिमीटरपेक्षा वर नको. इथे पुष्कळ लोक फसतात: ४५० गुणिले ४५० म्हणजे फक्त ०.२०२५ चौरस मीटर. रुंदी ४५० असेल तर उंची साधारण ७३४ तरी हवी. दोन्ही बाजू किमान मापाच्या ठेवून चालत नाही.

खिडकी बदलताना नियम असा आहे की नवीन खिडकीतून सुटकेची सोय जुनीपेक्षा कमी होता कामा नये. जुनी जर गरजेपेक्षा मोठी उघडत असेल, तर नवी किमान मापापर्यंत लहान झालेली चालते, त्याखाली नाही. आता गंमत अशी की जुन्या लाकडी चौकटीपेक्षा यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) चौकट जाड असते. भिंतीतलं भगदाड तेवढंच राहतं आणि मोकळी जागा चारही बाजूंनी आक्रसते. त्यात बिजागरी साधी असेल तर उघडलेलं दार भगदाडाच्या आतच थोडं अडून राहतं.

आमच्या मुलीच्या खोलीत नेमकं हेच निघालं. मी कोटेशनवरचं माप बघून खूश होतो. मोजायला आलेल्या माणसाने कागदावर आकृती काढून दाखवली, की साध्या बिजागरीने मोकळी रुंदी ४२० च राहील. सुटकेच्या खिडकीसाठी वेगळी बिजागरी येते, इथे तिला एग्रेस हिंज म्हणतात. ती दार बाजूला सरकवून भगदाड मोकळं करते. तीच खिडकी त्या बिजागरीने ५२० रुंद आणि ९८० उंच उघडली, म्हणजे जवळजवळ ०.५१ चौरस मीटर. किमतीत फरक नावापुरता होता. पण विचारलं नसतं तर साधीच बिजागरी लागली असती, आणि बाहेरून दोन्ही खिडक्या अगदी सारख्याच दिसतात.

विक्रेते अनेकदा खाली पक्की काच आणि वर झडप अशी रचना पुढे करतात, कारण ती स्वस्त पडते आणि दिसायला नीटस असते. बैठकीच्या खोलीत इतर वाट असेल तर ठीक. झोपायच्या खोलीत ती घेऊ नका. किल्लीचं कुलूप चालतं, पण किल्ली खिडकीजवळ खिळ्यावर हवी, ड्रॉवरमध्ये नको. मूल पडू नये म्हणून १०० मिलिमीटरवर अडवणारा रिस्ट्रिक्टर लावायचा असेल तर मोठ्या माणसाला किल्लीविना सोडवता येईल असाच घ्या.

मग काचा बघा. जमिनीपासून ८०० मिलिमीटरच्या खाली येणारी खिडकीची काच, आणि दरवाजात किंवा दरवाजाच्या कडेपासून ३०० मिलिमीटरच्या आतल्या बाजूच्या काचेत जमिनीपासून १,५०० मिलिमीटरपर्यंतचा भाग, या धोक्याच्या जागा मानल्या जातात. घसरून पडलेलं मूल डोक्याने किंवा हाताने आपटतं ते याच उंचीवर. तिथे टफन्ड किंवा लॅमिनेटेड काच हवी. टफन्ड फुटली की तिचे बोथट दाणे होतात, लॅमिनेटेड तडकते पण मधल्या पडद्याला चिकटून राहते. साध्या काचेचे सुरे होतात. सुरक्षा काचेच्या कोपऱ्यात न पुसली जाणारी खूण असते. बोटाच्या पेराएवढी, दुधी अक्षरांत, त्यात मानकाचा आकडा: टफन्डला बीएस ईएन १२१५०, लॅमिनेटेडला बीएस ईएन १४४४९, जुन्यावर बीएस ६२०६ दिसेल. कधीकधी सकाळच्या तिरप्या उन्हातच ती नजरेस पडते. वरच्या मजल्यावर ज्या खिडकीची कड जमिनीपासून ८०० मिलिमीटरच्या खाली आहे तिथे पडण्यापासून आडोशाचाही विचार करावा लागतो, तो मोजायला येणाऱ्याला स्पष्ट विचारा.

हवेचा नियम १५ जून २०२२ पासून कडक झाला आणि सगळ्यात जास्त वाद त्यावरच होतात. जुन्या खिडक्यांना वर ट्रिकल व्हेंट, म्हणजे हवेच्या बारीक फटी, असतील तर नव्यालाही हव्याच. जुन्याला नसतील, तरी नवी खिडकी घट्ट बसल्यामुळे घराची हवा आधीपेक्षा कोंडता कामा नये. दुसरी कुठली सोय नसेल तर बेडरूम, बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांना प्रत्येकी निदान ८,००० चौरस मिलिमीटरच्या समकक्ष क्षेत्रफळाचे व्हेंट, बाथरूमला ४,०००. हा आकडा व्हेंटवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात असतो, आणि एका खिडकीला बऱ्याचदा दोन व्हेंट लावावे लागतात. काही विक्रेते म्हणतात, "इथे सही करा, मग व्हेंट नको." अशा सहीने नियम टळत नाही.

हा नियम मला मनापासून पटतो. आपल्या घरात रोज कुकरच्या चार शिट्ट्या होतात, आणि हिवाळ्यात कपडे रेडिएटरवर वाळतात. जुनी सैल खिडकी ती वाफ गुपचूप बाहेर सोडत होती. नवी सोडत नाही. पहिल्याच थंडीत कपाटामागे काळी बुरशी धरते आणि माणसं खिडकीवाल्याला दोष देतात. व्हेंटमधून गार हवा येते म्हणून त्यावर चिकटपट्टी लावू नका. आणि घरात उघड्या ज्वालेची शेगडी किंवा जुना फायरप्लेस चालू वापरात असेल तर हवेच्या वाटेबद्दल त्यातल्या नोंदणीकृत माणसाला (गॅसचं असेल तर गॅस सेफ नोंदणी असलेल्याला) विचारून घ्या, कारण तिथे प्रश्न कार्बन मोनॉक्साइडचा असतो.

उष्णतेचा नियम त्यामानाने सोपा. नव्या खिडकीची यू-व्हॅल्यू १.४ किंवा त्याहून कमी, नाहीतर ऊर्जा श्रेणी निदान बी. यू-व्हॅल्यू जितकी लहान तितकी उष्णता कमी गळते. जुन्या एकेरी काचेची ती पाचच्या आसपास असते. विक्रेत्याने सांगितलेला आकडा अख्ख्या खिडकीचा आहे की नुसत्या काचेच्या मध्यभागाचा, हे विचारा. मध्यभागाचा आकडा नेहमीच चांगला दिसतो. जुन्या रूपाच्या घरात बाहेरचं रूप जपण्यासाठी हा नियम पाळणं जमत नसेल तर मध्यभागाची १.२, किंवा एकेरी काचेच्या आतून लो-ई (उष्णता परतवणाऱ्या पातळ थराच्या) काचेची दुसरी खिडकी, अशी वाट दिलेली आहे.

शेवटी खिडकीच्या वर बघा. काही जुन्या घरांत खिडकीवर लिंटल, म्हणजे वरचा भार पेलणारी आडवी तुळई, नसतो. वरच्या विटांचा भार वर्षानुवर्षं लाकडी चौकटीनेच पेललेला असतो. बाहेर गोलाकार किंवा कोनात काढलेल्या बे विंडोत तर मधले लाकडी खांब वरच्या मजल्याचं किंवा छताचं वजन घेतात. यूपीव्हीसीची चौकट असा भार घेऊ शकत नाही. तिला आतून पोलादी खांब लागतात, नाहीतर लिंटल घालावा लागतो. खिडकीच्या डोक्यावर विटांमध्ये पायरीसारखी तिरकी भेग दिसली तर मोजणाऱ्याला ती बोट लावून दाखवा आणि उत्तर लेखी घ्या.

पायरी ५: करारात काय लिहून घ्यायचं

तीन कोटेशनं घ्या, हे सगळे सांगतात. मी म्हणतो, तिन्हींत एकच मजकूर लिहून घ्या, नाहीतर तुलना होतच नाही. प्रत्येक खिडकीचा क्रमांक, कोणत्या बाजूने उघडणार, बिजागरीचा प्रकार, व्हेंटचं क्षेत्रफळ, सुरक्षा काच कुठे कुठे, अख्ख्या खिडकीची यू-व्हॅल्यू. आणि वेगळी ओळ: कोणत्या योजनेखाली प्रमाणित करणार, सदस्य क्रमांक काय, दाखल्याचे पैसे किमतीत आहेत की नाहीत. शेवटचा हप्ता काम संपल्यावर, आणि तो किती, हेही लिहा. दाखला हातात येईपर्यंत थोडी रक्कम मागे ठेवायला कंपनी कबूल झाली तर उत्तम.

कंपनी बुडाली तरी टिकेल अशी विमा संरक्षित हमी मागा. नुसती "१० वर्षांची गॅरंटी" कंपनीबरोबरच संपते.

डिपॉझिट क्रेडिट कार्डाने भरा. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ प्रमाणे १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीत कार्ड देणारी बँकही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते, मग कार्डावर फक्त डिपॉझिटच भरलेलं असो. घरी आलेल्या विक्रेत्याशी केलेला करार १४ दिवसांत रद्द करता येतो असं ऐकलं असेल, पण मापाप्रमाणे बनवून घेतलेल्या वस्तूंना त्यात अपवाद आहे. रद्द करण्याची मुदत कंपनी देते का, हे सही करण्याआधी लेखी विचारा आणि "आजच सही केली तर सूट" या घाईला बळी पडू नका.

एक बारीकशी गोष्ट: इन्शुलेशन, सोलर पॅनल, हीट पंप यांच्यावर घरांसाठी जी शून्य टक्के व्हॅटची सवलत आहे ती डबल ग्लेझिंगला नाही. कोणी तसं सांगत असेल तर त्याच्या बाकीच्या बोलण्याकडेही जरा सावधपणे बघा.

पायरी ६: बसवण्याच्या दिवशी

घर २००० पूर्वीचं असेल तर खिडकीभोवतीच्या पॅनलमध्ये, छताच्या कडेच्या पट्ट्यांत किंवा खडबडीत प्लास्टरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. इथे त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. शंका असेल तर तोडफोडीआधी नमुना तपासून घ्या.

त्या दिवशी कामावरून सुट्टी घ्या, निदान दुपारनंतर तरी. माणसं जाण्याआधी प्रत्येक खिडकी स्वतःच्या हाताने पूर्ण उघडा, मोजपट्टी लावा, व्हेंट उघडझाप करून बघा. काचांच्या कोपऱ्यातल्या खुणांचे आणि मधल्या पट्टीवरच्या सालाचे फोटो काढा. चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटी प्लास्टिकच्या पट्टीने झाकण्याआधी त्यात काय भरलं हे बघता आलं तर बघा. एकदा पट्टी बसली की आत पोकळी राहिली का, हे कोणालाच कळत नाही. भिंत दोन थरांची आणि मध्ये पोकळी असलेली असेल तर खिडकीभोवती आग अडवणारे कॅव्हिटी बॅरियर काढलेले असल्यास परत घातले का, हेही विचारा.

पायरी ७: कागद हातात घ्या

३० दिवसांत दाखला आला नाही तर एकतिसाव्या दिवशी ईमेल करा. आला की लगेच फाइलला लावू नका, आधी वाचा. पत्ता बरोबर आहे का, फ्लॅटचा क्रमांक आहे का, खिडक्यांची आणि दरवाजांची संख्या जुळते का, तारीख काम संपल्याची आहे का. आमच्या दाखल्यावर खिडक्या सात लिहिल्या होत्या आणि बसवल्या होत्या आठ. राहिलेली एक म्हणजे नेमकी मुलीच्या खोलीतली. दोन ईमेलांत दुरुस्त झालं. विक्रीच्या वेळी लक्षात आलं असतं तर पुन्हा तेच पाणी त्याच वळणाने गेलं असतं.

कौन्सिलकडे नोंद झाली की नाही, हेही महिन्या-दीड महिन्याने बघून घ्या. घर विकताना विकणाऱ्याने भरायच्या टीए६ नावाच्या फॉर्ममध्ये १ एप्रिल २००२ नंतर बदललेल्या खिडक्या, छतातल्या खिडक्या आणि काचेचे दरवाजे यांबद्दल थेट प्रश्न असतो, आणि खरेदीदाराचा सॉलिसिटर कौन्सिलच्या सर्चमध्येही (कौन्सिलकडच्या नोंदींच्या तपासणीतही) ही नोंद बघतो. दाखला दिला गेला होता पण हरवला असेल तर योजनेकडून थोडं शुल्क भरून प्रत मिळते.

पायरी ८: आधीच्या मालकाने बदललेल्या खिडक्यांना दाखलाच नसेल तर

घर घेण्याच्या बेतात असाल तर कौन्सिलला फोन करण्याआधी सॉलिसिटरशी बोला. हे महत्त्वाचं आहे. कौन्सिलशी या कामाबद्दल आधीच संपर्क झाला असेल तर इन्डेम्निटी विमा (आमच्या विकणाऱ्यांनी काढून दिला तसला) सहसा मिळत नाही. हा विमा कौन्सिलच्या कारवाईमुळे होणाऱ्या खर्चाला असतो. काच साधी निघाली किंवा खिडकी उघडत नसली तर तो काही देत नाही.

दुसरा रस्ता रेग्युलरायझेशनचा, म्हणजे झालेलं काम मागाहून मंजूर करून घेण्याचा. ११ नोव्हेंबर १९८५ नंतर मंजुरीविना झालेल्या कामाला कौन्सिलकडे असा अर्ज करता येतो. खासगी अप्रूव्हर हे करू शकत नाही. शुल्क नेहमीच्या अर्जापेक्षा जास्त असतं, इन्स्पेक्टर काही भाग उघडून दाखवायला सांगू शकतो, आणि काम नियमात बसत नसेल तर आधी ते दुरुस्त करावं लागतं.

यातला कोणता रस्ता घ्यायचा हे घरावर अवलंबून आहे. खिडक्या पंधरा-वीस वर्षांच्या झालेल्या आणि तशाही बदलायच्या असतील तर रेग्युलरायझेशनवर पैसे घालण्यात अर्थ नाही. किमतीत तेवढी घासाघीस करा आणि नव्या खिडक्या दाखल्यासकट बसवा. नव्याकोऱ्या दिसत असतील, खर्चिक असतील आणि पुढची दहा वर्षं तिथेच राहायचं असेल, तर मी विकणाऱ्यांना रेग्युलरायझेशन करून द्यायला सांगेन. आणि विम्यावर भागवायचं ठरलं, तर घर बघायला दुसऱ्यांदा जाल तेव्हा खिशात मोजपट्टी असू द्या, आणि मुलं ज्या खोल्यांत झोपणार आहेत तिथल्या खिडक्या विकणाऱ्यांसमोर पूर्ण उघडून मोजा.